ओटीत घातलेली पोर आणि तीन डॉक्टर

निपाणी

निपाणीला पहिल्यांदा जाणाऱ्यानं रुमाल हाताशी ठेवावा. तंबाखूचं गाव आहे. वखारींच्या रस्त्यानं रिक्षा गेली की गावची माणसं निवांत गप्पा मारत असतात आणि पाहुणा शिंकत असतो. माझा प्रवास मात्र त्याआधीच बिघडला होता. कोल्हापूरला कर्नाटकची बस धरली, पाटी कानडीत. नाशिकला माझं औषधांचं दुकान आहे. सगळं आयुष्य डॉक्टरांचं अक्षर लावण्यात गेल्यामुळे कुठलीही लिपी आपण अंदाजानं वाचू, असा माझा समज होता. निपाणीला हमरस्त्यावर बस थांबली, बरीच माणसं उतरली, मी मात्र मोठं स्टँड येईल म्हणून बसून राहिले. मोठं स्टँड आलं ते चिकोडीचं.

"चिकोडीला?" फोनवर संदीप हसायला लागला. "आत्या, तिकडं कशाला गेलासा? आता तिथंच बसा, हलू नका. मी आलोच."

संदीप माझ्या भाचीचा नवरा. माधुरी माझ्या भावाची एकुलती मुलगी. वाढली नाशिकला, दिली निपाणीला. संदीप इथल्या कॉलेजात शिकवतो. त्याचं मूळ घर खानापूरच्या पलीकडे, भातशेतीच्या खेड्यात. तिथे थोरला भाऊ आणि वहिनी सुजाता राहतात. तिला लहानथोर सगळे आक्का म्हणतात.

मी फिरायला गेले नव्हते. माधुरीचं पहिलं बाळ बाळंतपणातच गेलं आणि तिला वाचवण्यासाठी गर्भाशय काढावं लागलं. बीजं शाबूत आहेत. म्हणजे मूल तिचं आणि संदीपचं होऊ शकतं, पण वाढवायला पोट दुसऱ्या बाईचं हवं. ते पोट द्यायला आक्का आपणहून पुढे आली होती. ज्या बाईनं असं मूल वाढवायचं तिचं वय पस्तिशीच्या आत हवं, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि आक्काला येत्या चैत्रात पस्तिसावं संपणार होतं. थंडी सुरू झाली होती. म्हणून मला बोलावणं.

"डॉक्टर काय बोलत्यात आमाला कळत न्हाय गं आत्या," माधुरी म्हणाली. लग्नाआधी हीच मुलगी कुणाचं 'न्हाय' ऐकलं की हसायची. "तू औषधवाली हायस. तू विचार."

रात्रीचं जेवण ज्वारीची भाकरी, वांगं, खर्डा आणि चमच्यानं कापावं लागेल असं दही. आमच्याकडे तिखट जिभेला लागतं, इथे ते कानात जातं. मी पाणी मागितलं तसं माझ्या पुढ्यात तांब्या घेऊन एक चार वर्षांची पोर उभी राहिली.

"नाशिकआजी, आई म्हणतीया दही खा."

ही आरू. तिच्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. माधुरीचं बाळ गेलं तेव्हा आक्काला दिवस होते. आधीचा मुलगा होता. तिनं तेव्हाच सांगून टाकलं, मुलगी झाली तर माधुरीची. मुलगी झाली. अंगावरचं दूध सुटल्यावर गावातल्या घरी चार माणसं बोलावली, पाटावर माधुरीला बसवलं, खण-नारळ दिला, आणि आक्कानं पोर उचलून तिच्या ओटीत घातली. झालं. आमच्याकडे असं काही करायचं तर आधी वकील, मग कागद, मग पेढे. इथे कागदाचं नावही कुणी काढलं नाही. आरू माधुरीला आई म्हणते आणि आक्काला मोठी आई, आणि दोघींचं सख्य मी सख्ख्या बहिणींत पाहिलेलं नाही.

मग आणखी मूल कशाला, असं मीही विचारलं. माधुरी भांडी विसळत होती. "आरू हाय म्हणून ते जातंय व्हय?" एवढंच म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी तिच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. साठीच्या, स्वच्छ सुती साडी, टेबलावर एक कागद तिरका नाही. माधुरीचा जीव यांनीच वाचवलेला.

"जाऊ चालत नाही," त्या लगेच म्हणाल्या. "रक्ताचं नातं लागतं. सख्खी बहीण आहे का तुला?"

"न्हाय. मी एकटीच."

"मग विषय संपला."

मी म्हटलं, "डॉक्टर, असं कायद्यात लिहिलंय?"

"लिहिलंय हो. आमच्या मीटिंगला सांगितलेलं."

"कायदा व्हायच्या आधीच्या मीटिंगला की नंतरच्या?"

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही कोण?"

"आत्या. नाशिकला मेडिकल आहे माझं."

"मग तुम्हाला कळेल. एका चिठ्ठीवरून दुकान बंद होतं की नाही? इथं दवाखाना बंद होतो आणि वर तुरुंग. पेशंटला कुणी काही म्हणत नाही, आत जातो तो डॉक्टर. त्या कायद्याचं पुस्तक मी उघडत नाही आणि अशी केसही उघडत नाही. मी माझी सोनोग्राफीसुद्धा बंद केली." मग त्या आरूकडे वळल्या, तिच्या गालाला हात लावला. "आणि ही आहे की घरात. देवानं न मागता दिली. कशाला आणखी कटकट?"

बाहेर आल्यावर संदीप म्हणाला, "म्हंजे न्हायच?" मी म्हटलं, त्यांना माहीत नाही, त्या भ्यायल्या आहेत, आपण बेळगाव गाठू. 'ही आहे की घरात' हे बाई नुसतं मायेनं बोलल्या असं मला तेव्हा वाटलं.

बेळगाव

बेळगावात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पुरी आणि पातळ भाजी. दुसरं, कुंदा, ही इथली दुधाची मिठाई. डॉक्टरला भेट म्हणून संदीपनं कुंद्याचा डबा घेतला. मी म्हटलं, डॉक्टरला खाऊ देऊन कायदा बदलत नाही. तो म्हणाला, "असू दे आत्या, मोकळ्या हातानं बरं दिसत न्हाय." डबा पिशवीत राहिला.

हा दवाखाना नव्या पद्धतीचा. खाली काच, वर काच, भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो. बाकांवर जोडपी बसलेली, कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मराठी, कानडी, हिंदी सगळं हळू आवाजात. दुकानात मी रोज माणसं बघते. आजारी माणूस दुसऱ्या आजाऱ्याशी बोलतो. इथे तसं नव्हतं. नर्सनं कुणाचं नाव पुकारलं की ते जोडपं चोरी सापडल्यासारखं उठायचं.

डॉक्टर चाळिशीच्या आतला, कानडी घरचा, पण मराठी सफाईदार. "बसा बसा. सगळं सांगा, घाई नाही."

माधुरीनं सांगितलं. त्यानं जुने रिपोर्ट पाहिले. "मूल?" "न्हाय," माधुरी म्हणाली. आरू तिच्या मांडीवर बसून पिशवीच्या बंदाशी खेळत होती. डॉक्टरला भाचीबिची वाटली असावी.

"जाऊ चालते का?" मी विचारलं.

"चालते. आधीच्या मसुद्यात जवळची नातेवाईक हवी असं होतं, ते अजून पुष्कळ डॉक्टरांच्या डोक्यात बसलंय. कायद्यात आहे ती राजीखुशी असलेली बाई. लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, पंचवीस ते पस्तीस वय. पैसे घ्यायचे नाहीत. जन्मात एकदाच. जिल्ह्याच्या मेडिकल बोर्डाचा दाखला लागतो, मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते, तिचा विमा लागतो. लई पायऱ्या आहेत, पण चढता येतात."

माधुरीनं माझा हात धरला. 

मी विचारलं, "तुमचं स्वतःचं काय मत आहे या कायद्याबद्दल?"

तो हसला. "पूर्वी मी पेशंटकडं बघून ठरवत होतो. आता बोर्डाकडं बघून ठरवतो. चांगलं की वाईट ते विचारू नका. गरीब बाया लुटल्या जात होत्या हे मी बघितलंय. आणि तुमच्यासारखी माणसं दारातनं परत जाताना पण बघतोय."

त्यानं फाइल करायला घेतली. तेवढ्यात आरू म्हणाली, "आई, पाणी."

डॉक्टरनं मान वर केली.

"ही कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत संदीप बोलला, आणि अभिमानानं बोलला. आक्का किती मोठ्या मनाची आहे हे डॉक्टरला कळावं, म्हणजे काम आणखी सोपं होईल, असं त्याला वाटलं असणार. "सर, ही आमच्या वैनीचीच. पण आता आमची. वैनीनं हिच्या वटीत घातली, चार माणसांत. असल्या बाईचं मन बघा की सर! एक दिलंय, आता दुसरं पण तीच देणार!"

डॉक्टरनं पेन टोपणात घातलं.

"जोडप्याला मूल नसावं लागतं," तो म्हणाला. "पोटचं किंवा दत्तक. शपथेवर लिहून द्यायचं असतं."

 आरू पाणी पीत होती.

"दत्तकाचा कागद आहे?"

"न्हाय सर. कागद कशाला करतोय घरातल्या घरात?"

"मग माझ्या दृष्टीनं दत्तक नाही. कागद नाही तर दत्तक नाही." हे तो आम्हाला सांगत होता की स्वतःला, कळलं नाही. "पण घरी चौकशी होऊ शकते. आणि ही पोर चार माणसांत आई म्हणते." मग जरा वेळानं, "सोमवारपर्यंत कळवा. मी फाइल ठेवतो."

खाली एका झाडाखाली आम्ही उभे राहिलो. संदीप कपाळावर हात मारून घेत होता. "मी कशाला बोललो? मला कुणी इचारलं हुतं?"

माझा स्वभाव असा की अडचण आली की मी रडण्यापेक्षा तोड काढते. दुकानात एक औषध नसलं तर त्याच गुणाचं दुसरं. मी आरूला कुंद्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. "एक खेळ खेळायचा? नवा माणूस आला की आईला काय म्हणायचं? काकी. जमलं की कुंदा."

"काकी," आरू म्हणाली.

"नवा माणूस आल्यावर हं."

"काकी, काकी, काकी!"

डबा फोडला. एक घास तिला, एक मला. माधुरी रस्त्याकडे बघत होती. ती नको म्हणाली नाही. मी ते हो समजले.

अनगोळ

संध्याकाळी अनगोळला गेलो. माझ्या नवऱ्याच्या मित्राचे वर्गमित्र, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डॉक्टर, तिथे राहतात. अनगोळ जुनी वस्ती आहे. गल्ल्या अरुंद, दारात रांगोळ्या, आणि कुठल्याही घराचा पत्ता विचारला तर सांगणारा आधी तुमचं गाव विचारतो. आमचं नाशिक ऐकून एका आजोबांनी द्राक्षांचा भाव विचारला.

डॉक्टर बनियनवर होते, घाईनं सदरा घालून आले. आत चहा सांगितला. मग आरूसमोर वाकून, माधुरीकडे बोट करत म्हणाले, "ही कोण गं बाळ?"

आरूनं एक क्षण विचार केला. "काकी."

मग माझ्याकडे वळून कुजबुजली, "बरोबर सांगितलं ना?"

डॉक्टरांनी ऐकलं. ते माझ्याकडे बघत खुर्चीत बसले. मी लाज वगैरे मनात न आणता सगळं सांगून टाकलं. डॉक्टरपुढे लपवून इलाज होत नाही, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत असते.

"बेळगावचा तो पोरगा हुशार आहे," ते म्हणाले, "पण कागदाचं त्याचं चुकलं. हिंदूंमध्ये दत्तकाला कागद लागतोच असं नाही. आईबापानं राजीनं दिलं, दुसऱ्यानं आपलं म्हणून घेतलं, की झालं. कागद हा पुरावा. माझ्या नोकरीत एक जमिनीचा दावा झाला, त्यात माझी साक्ष होती, तेव्हा शिकलो. मी वकील नाही, वकिलाला विचारा. पण ओटीत घातली, चार माणसं होती, आणि पोर तुमच्यात वाढली, तर ती तुमची आहे. कोर्टालाही बहुतेक तसंच दिसेल."

"बोर्डाला कुठनं कळणार?" संदीप म्हणाला.

"नाही कळणार कदाचित."

"मग?"

"मग काही नाही. सही तुम्ही करायची. कळलंच, तर तुम्ही अडकाल, तो डॉक्टर अडकेल, आणि मुख्य म्हणजे जन्मलेलं बाळ कुणाचं यावर प्रश्न येईल. तेव्हा ते पाळण्यात असेल."

मी चिडून म्हटलं, "अहो, पण हा कसला कायदा? एक मूल मायेनं घेतलं म्हणून दुसरं पोटचं नको?"

"मला कायदा आवडतो की नाही, ते वेगळं," ते म्हणाले. "मी सरकारी दवाखान्यात अशा बाया बघितल्यात, ज्यांना आपण कशासाठी टेबलावर झोपलोय हेच माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी कायदा हवाच होता. करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं त्या बाया होत्या, तुमच्या घरची आक्का नव्हती."

चहा गार झाला.  उठताना माधुरीनं आरूचं स्वेटर नीट केलं.

खानापूर

सकाळच्या गाडीनं खानापूर. बेळगाव सुटलं की रूळ हळूहळू झाडीत शिरतात, हवा ओली होते, आणि डोळ्यांना बरं वाटतं; मला मात्र त्या दिवशी खिडकीत काही दिसलं नाही. मी मनात आक्काला सांगायची वाक्यं जुळवत होते. आरू काही महिने तुझ्याकडे राहील. विचारलं तर तुझीच म्हणायचं. तुझीच तर आहे. मूल झालं की परत.

गावचं घर उतरत्या कौलांचं, अंगणात भाताच्या गवताची गंजी. आक्का उंच, रुंद खांद्यांची, हसताना ओठावर पदर धरणारी. तिचा नवरा तालुक्याला गेला होता. "नाशिकच्या आत्या, तुमी चिकोडी बघून आलासा म्हणं?" तिनं दारातच टोमणा मारला. संदीपनं फोनवर सगळ्या गावाला सांगितलं होतं.

पानं वाढली. नव्या तांदळाचा भात, कुळथाची आमटी, तळलेली मिरची. आमच्याकडे भात शेवटी येतो, इथे तोच जेवण. मी दुसऱ्यांदा भात घेत होते आणि बोलायला सुरुवात कशी करावी ते ठरवत होते, तेवढ्यात आरू अंगणातून रडत आली. गुडघा फुटला होता. ती सरळ माधुरीकडे धावली.

"काकी! काकी गं, रगत आलं!"

माधुरी हात पसरून तशीच राहिली. आरूला त्या क्षणी खेळ आठवला की सवय लागली होती, देव जाणे. घरात नवा माणूस कुणी नव्हता.

आक्काच्या हातात आमटीचं भांडं होतं. "काकी कुणाला म्हणतीया गं ही?"

सांगावंच लागलं. मी सांगितलं, कारण शिकवलं मीच होतं. बेळगावचा डॉक्टर, अनगोळचे डॉक्टर, शपथेचा कागद, सगळं. मग माझी जुळवलेली वाक्यंही बोलून टाकली. बोलताना ती गाडीत वाटली होती तेवढी शहाणी वाटेनात.

आक्कानं भांडं खाली ठेवलं. आरूचा गुडघा पाण्यानं धुतला, हळद लावली, आणि पोर उचलून परत माधुरीच्या मांडीवर बसवली. मग बोलली.

"आत्या, माझं पोट मी द्याला तयार हाय. आज बी हाय. पण ही परत घ्याला तयार न्हाय. ते काय उसनं न्हेलेलं पीठ हाय व्हय, डबा परत करायला? चार माणसांत दिली मी. दिली त्या दिवशी कसं झालं, ते माझं मला ठावं. आता ती माझी हाय म्हणून मी शपथ घिऊ? मग त्या दिवशी मी काय केलं, नाटक?"

"आक्का, पण चैत्रात..." संदीप म्हणाला.

"चैत्र मला बी कळतोय रं."

 संदीप भाताची शितं पानाच्या कडेला सारत होता. मला वाटत होतं कुणीतरी म्हणावं, जाऊ दे, करून टाकू. मीच म्हणणार होते.

माधुरीनं डाव्या हातानं फोन काढला. उजवा भाताचा होता. बेळगावच्या दवाखान्याला लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"सर, निपाणीची माधुरी बोलतीया. काल मूल न्हाय म्हणून सांगितलं, ते चुकलं. मुलगी हाय आमाला."

डॉक्टर म्हणाला, "मग फाइल बंद करू?"

"करा."

"बरं." आणि फोन ठेवायच्या आधी, "सांगितलं ते बरं केलंत. मला झोप नव्हती."

माधुरीनं फोन पालथा ठेवला आणि आरूला भात भरवायला घेतला. शितं पोरीच्या फ्रॉकवर सांडत होती. आक्का उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नाशिक

मी परत येऊन दुकान उघडलं. चैत्र आला आणि गेला. माधुरी-संदीपनं आरूच्या दत्तकाचा कागद रीतसर नोंदवून घेतला, अनगोळच्या डॉक्टरांनीच वकील सांगितला. माझं विचाराल तर मला अजून दोन्ही बाजू दिसतात. मी असते तर सही करून मोकळी झाले असते असं सकाळी वाटतं, आणि दुपारपर्यंत वाटेनासं होतं. तिघा डॉक्टरांपैकी एकानं कायदा वाचला नव्हता, एकानं अर्धा वाचला होता आणि तिसऱ्यानं वकिलाला विचारा म्हणून सांगितलं. दोष कुणाला देऊ?

काळजी मात्र वेगळीच लागून राहिली. माधुरी फोनवर सांगायची, गॅसवाला आला, शेजारी नवे भाडेकरू आले, की आरू तिला काकी म्हणते. रोज सांगितलं, खेळ संपला. पोर मान हलवते आणि पुन्हा नवा माणूस दिसला की काकी. कुंद्याचं नाव मी आता काढत नाही.

जूनमध्ये तिला बालवाडीत घालायला दोघं घेऊन गेले. नव्या बाई, नवा वर्ग.  बाईंनी आरूला जवळ घेतलं आणि माधुरीकडे बोट करून विचारलं, "ही कोण गं?"

आरूनं बाईंकडे पाहिलं, संदीपकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली.

मग माधुरीचा पदर ओढून हळूच विचारलं, "बरोबर सांगितलं ना?"